पालघर जिल्हा

महाराष्ट्र राज्याच्या कोकण विभागातील सर्वांत उत्तरेकडील जिल्हा. क्षेत्रफळ सु. ५,३४४ चौ. किमी.; लोकसंख्या २९,९०,११६ (२०११; तेव्हा ठाणे जिल्ह्यात मोडणाऱ्या तालुक्यांची बेरीज). विस्तार सु. १९° १७' ते २०° १३' उत्तर अक्षांश व ७२° ३९' ते ७३° ३०' पूर्व रेखांश यांदरम्यान. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस गुजरात राज्याचा वलसाड जिल्हा आणि दाद्रा व नगरहवेली, पूर्वेस नासिक जिल्हा, आग्नेयीस ठाणे जिल्हा, तर दक्षिणेस वसईची खाडी आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन राज्यातील छत्तिसावा जिल्हा म्हणून तो अस्तित्वात आला. पालघर, वसई, डहाणू, तलासरी, वाडा, विक्रमगड, जव्हार व मोखाडा हे त्याचे आठ तालुके असून पालघर हे मुख्यालय आहे.

भूवर्णन : भूरचनेच्या दृष्टीने जिल्ह्याचे दक्षिणोत्तर पसरलेले तीन पट्टे पडतात. पश्चिमेस सु. ११२ किमी. लांबीची किनारपट्टी आहे. ती सपाट, वाळूची व खाड्यांनी छेदलेली असून तिच्यावर मिठागरे, बागायती व कोळीवाडे आहेत. मधला पट्टा तुटक डोंगररांगांचा व भातखाचरांचा आहे; अशेरी, काळदुर्ग, तांदुळवाडी, कोहोज व गंभीरगड हे गिरिदुर्ग तसेच महालक्ष्मीचा सुळका या रांगांत येतात. पूर्वेस सह्याद्रीच्या पायथ्याशी जव्हार-मोखाड्याचा डोंगराळ प्रदेश असून जव्हार नगर समुद्रसपाटीपासून सु. ४५० मी. उंचीवर वसले आहे. हे तीन पट्टे एकमेकांना लागून असले, तरी त्यांचे अर्थव्यवहार, वस्तीची घनता व लोकजीवन यांत मोठी तफावत आढळते. जिल्ह्याचे बहुतेक प्रश्न या तफावतीतून उद्भवलेले आहेत.

वैतरणा ही जिल्ह्यातील प्रमुख नदी. ती नासिक जिल्ह्यात त्र्यंबकेश्वरजवळच्या डोंगरांत उगम पावून अर्नाळ्याच्या उत्तरेस समुद्रास मिळते. सूर्या, पिंजाळ, देहर्जा व तानसा या तिच्या महत्त्वाच्या उपनद्या. जव्हार-मोखाड्याच्या उत्तर भागातील पाणी दमणगंगेच्या खोऱ्यात जाते. सूर्या नदीवर धामणी येथे धरण व त्याखाली कवडास येथे उन्नैयी बंधारा आहे.

हवामान व वनश्री : किनाऱ्यावरील हवामान सम व दमट, तर पूर्व भागात उन्हाळा अधिक कडक आणि हिवाळा अधिक थंड असतो. पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांपासून पडतो व त्याचे प्रमाण पूर्वेकडे वाढत जाते. तथापि उताराची जमीन व कठीण खडक यांमुळे पाणी मुरत नाही. भरपूर पावसाच्या मोखाडा व जव्हार तालुक्यांतील अनेक पाड्यांना फेब्रुवारीनंतर पिण्याच्या पाण्याची टंचाई भासते. याच खोऱ्यातील मध्य वैतरणा धरणाचे पाणी मात्र मुंबई शहरास पुरविले जाते. वनांत साग, ऐन, खैर, मोह, बांबू हे वृक्ष मुख्य होत. मोहाची फुले, डिंक, तेंदूची पाने व रानभाज्या यांवर आदिवासींचा चरितार्थ काही अंशी अवलंबून असतो.

इतिहास : वसई तालुक्यातील सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, हे पश्चिम किनाऱ्यावरील विख्यात बंदर होते. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये तेथे स्तूपाचे अवशेष व अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. १५३४ मध्ये वसई गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांकडे गेली; ती चिमाजी आप्पांनी मे १७३९ मध्ये जिंकून घेतली. पुढे हा प्रदेश इंग्रजांकडे गेला. डोंगराळ भागात मात्र मुकणे घराण्याचे जव्हार संस्थान चौदाव्या शतकापासून टिकून राहिले व १९४८ मध्ये मुंबई प्रांतात विलीन झाले.

‘छोडो भारत’ आंदोलनात १४ ऑगस्ट १९४२ रोजी पालघर येथे मोर्चावर झालेल्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. डहाणू, तलासरी व लगतच्या भागांत सावकार व जमीनदार यांनी लादलेल्या वेठबिगारीविरुद्ध १९४५–४७ या काळात वारल्यांचा उठाव झाला. किसान सभेच्या वतीने शामराव व गोदावरी परुळेकर यांनी त्याचे नेतृत्व केले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाडा येथे पोलिसांच्या गोळीबारात जेठ्या गांगड व इतर काही आदिवासी मृत्युमुखी पडले. उठावामुळे वेठ व लग्नगडी या प्रथा मोडल्या. गोदावरी परुळेकरांचा जेव्हा माणूस जागा होतो हा ग्रंथ या लढ्याविषयीचा आहे.

आर्थिक स्थिती : भात हे मुख्य पीक असून नाचणी व वरई ही डोंगरउतारावरील पिके होत. वाड्याचा कोलम तांदूळ प्रसिद्ध आहे. डहाणू-घोलवड परिसरातील चिकूच्या बागा पारशी व इराणी बागायतदारांच्या काळापासून विस्तारत गेल्या. या चिकूस २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. वसईची केळी व त्यांपासून केलेली सुकेळी, केळवे-माहीमची पानवेल आणि बहाडोलीची जांभळे ही किनारी बागायतीची अन्य उत्पादने होत. पूर्वेकडील शेती जवळजवळ सर्वस्वी पावसावर अवलंबून आहे. भातकापणी झाली की तेथील कुटुंबे वीटभट्ट्या, बांधकामे व बागा यांवर मजुरीसाठी वसई, भिवंडी, ठाणे इ. भागांत स्थलांतर करतात व पावसाच्या तोंडावर परततात. या स्थलांतरामुळे मुलांचे शिक्षण खंडित होते.

मासेमारी हा किनाऱ्यावरील प्रमुख व्यवसाय. सातपाटी हे पापलेटसाठी विख्यात केंद्र असून तेथील मच्छीमारांच्या सहकारी संस्था जुन्या आहेत. समुद्रात खुंट रोवून लावलेल्या डोल जाळ्यांत बोंबील, जवळा इ. मासळी मिळते. रुपेरी पापलेट २०२३ मध्ये ‘राज्य मासा’ म्हणून घोषित झाला. लहान आकाराच्या मासळीची बेसुमार पकड हे पापलेटचे उत्पादन घटण्याचे एक कारण होय. चिंचणी, वरोर, वाढवण या भागांत दागिन्यांसाठी लागणारे धातूचे साचे बनविण्याचा घरगुती उद्योग चालतो.

आधुनिक उद्योगांचे केंद्रीकरण तारापूर-बोईसर परिसरात झाले आहे. तारापूर अणुवीज केंद्र हे भारतातील पहिले अणुवीज केंद्र. त्याच्या पहिल्या दोन उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्या ऑक्टोबर १९६९ मध्ये कार्यान्वित झाल्या. प्रत्येकी ५४० मेवॉ. क्षमतेच्या दोन दाबित जड पाण्याच्या अणुभट्ट्या २००५ व २००६ मध्ये सुरू झाल्या. त्यांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे हलवावी लागली. मच्छीमारांना नव्या वसाहतीत घर मिळाले, पण किनारा दुरावला. विस्थापितांच्या पुनर्वसनाचा वाद त्यामुळे दीर्घकाळ चालू राहिला.

बोईसर येथे महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची तारापूर औद्योगिक वसाहत आहे. रसायने, रंगद्रव्ये, औषधे, कापड व पोलाद यांचे कारखाने तीत असून राज्याच्या अन्य भागांतील तसेच उत्तर भारतातील कामगार मोठ्या संख्येने येथे स्थायिक झाले आहेत. वसाहतीतील सांडपाणी सामायिक प्रक्रिया केंद्रातून नळाद्वारे नवापूर या मच्छीमार गावाजवळ समुद्रात सोडले जाते. प्रक्रिया केंद्राची क्षमता अपुरी पडल्याने अर्धवट शुद्ध केलेले पाणी नाले, खाड्या व किनारा येथे पोहोचू लागले. नवापूर, दांडी, उच्छेळी, मुरबे इ. गावांतील मच्छीमारांना किनाऱ्यालगत मिळणारी मासळी, कोलंबी व शिंपल्या कमी होत गेल्या. खाडीत पायी फिरून मासळी पकडणाऱ्या व शिंपल्या वेचणाऱ्या स्त्रियांना याची झळ अधिक बसते, कारण होडीने खोल समुद्रात जाण्याचा पर्याय त्यांना नसतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या सर्वंकष निर्देशांकात तारापूरचे स्थान देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांत अग्रभागी होते. मच्छीमारांच्या संघटनेच्या अर्जावरून हे प्रकरण राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे गेले व २०२२ मध्ये न्यायाधिकरणाने प्रक्रिया केंद्र व शंभराहून अधिक कारखाने यांवर पर्यावरणीय नुकसानभरपाई आकारली.

डहाणू तालुक्यात निराळे धोरण अवलंबिले गेले. २० जून १९९१ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने हा तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरविला व उद्योगांसाठी कमाल ५०० एकर क्षेत्राची मर्यादा घातली. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले, न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी हे त्याचे दीर्घकाळ अध्यक्ष होते. वाढवण येथे बंदर उभारण्यास प्राधिकरणाने १९९८ मध्ये नकार दिला. तथापि खोल समुद्र किनाऱ्यालगत असल्याने ही जागा मोठ्या जहाजांना सोयीची ठरते, या कारणाने योजना पुन्हा पुढे आली. प्राधिकरणाने जुलै २०२३ मध्ये सशर्त अनुमती दिली, सु. ७६,२२० कोटी रु. खर्चाच्या या बंदरास केंद्रीय मंत्रिमंडळाने जून २०२४ मध्ये मान्यता दिली व ३० ऑगस्ट २०२४ रोजी पायाभरणी झाली. रोजगार व व्यापार वाढेल, असे समर्थक म्हणतात. मासेमारीची क्षेत्रे, बागायती व साचे बनविण्याचा उद्योग नष्ट होईल, अशी विरोधकांची भूमिका आहे.

पश्चिम रेल्वेचा मुंबई–अहमदाबाद मार्ग व राष्ट्रीय महामार्ग क्र. ४८ जिल्ह्यातून जातात. २०१३ पासून उपनगरी गाड्या डहाणूपर्यंत धावतात. नियोजित अतिजलद रेल्वेमार्गावर विरार व बोईसर ही स्थानके आहेत. हे सर्व मार्ग दक्षिणोत्तर असून डोंगराळ भाग किनाऱ्याशी जोडणारी दळणवळणाची साधने त्या मानाने अपुरी आहेत.

प्रशासन : विभाजनापूर्वी मोखाड्यासारख्या दूरच्या तालुक्यातील रहिवाशास जिल्हा पातळीवरील कामासाठी ठाण्यास जावे लागे. ही गैरसोय व कुपोषणाचा प्रश्न ही नव्या जिल्ह्यामागील मुख्य कारणे होत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणी येथे झालेल्या बालमृत्यूंनी या प्रश्नाकडे साऱ्या राज्याचे लक्ष वेधले होते. जिल्ह्याचा कारभार जिल्हाधिकारी व जिल्हा परिषद यांमार्फत चालतो. वसई-विरार महानगरपालिका २००९ मध्ये स्थापन झाली. पालघर, डहाणू व जव्हार येथे नगर परिषदा, तर वाडा, विक्रमगड, मोखाडा व तलासरी येथे नगरपंचायती आहेत. बोईसर औद्योगिक नगर असूनही दीर्घकाळ ग्रामपंचायतीच्या कारभाराखाली राहिले. पालघर लोकसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव असून त्यातील सहा विधानसभा मतदारसंघांपैकी वसई व नालासोपारा वगळता अन्य चार राखीव आहेत.

जिल्ह्याचा मोठा भाग संविधानाच्या पाचव्या अनुसूचीखाली येतो. तेथे १९९६ च्या पंचायत विस्तार अधिनियमानुसार गौण वनोपज, भूसंपादन इ. बाबतींत ग्रामसभेस विशेष अधिकार आहेत. सूर्या प्रकल्प मूलतः शेतीच्या सिंचनासाठी हाती घेतला गेला. पुढे त्याच्या पाण्याचा वाटा वसई-विरार व मीरा-भाईंदर या शहरांकडे वळविण्यात आला. त्यासाठीची प्रतिदिन ४०३ दशलक्ष लिटर क्षमतेची योजना २०२३ पासून टप्प्याटप्प्याने कार्यान्वित होऊ लागली. साधनसंपत्तीवर ग्रामसभेचा अधिकार कितपत चालतो, याची कसोटी अशा योजनांत लागते.

लोक व समाजजीवन : लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण सु. ३७ टक्के असून वारली, कोकणा, मल्हार कोळी, कातकरी व ठाकूर या प्रमुख जमाती होत. किनाऱ्यावर मांगेला, वैती, वाडवळ, भंडारी, तर वसईत सामवेदी व अन्य ख्रिस्ती समाज आढळतात. २०११ मध्ये एकट्या वसई तालुक्याची लोकसंख्या सु. १३.४३ लाख म्हणजे जिल्ह्याच्या सु. ४५ टक्के होती. मोखाडा तालुक्याची एक लाखाहूनही कमी होती. त्यामुळे जिल्ह्याच्या सरासरी आकड्यांवरून डोंगराळ भागाची स्थिती कळून येत नाही.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे व पुढे कोसबाड येथे बालशिक्षणाचे कार्य केले. अंगणवाडीची कल्पना येथेच रुजली. वारली चित्रकलेस जिव्या सोमा म्हशे (१९३४–२०१८) यांनी जागतिक ख्याती मिळवून दिली. तारपा नृत्य, मोखाडा-जव्हारकडील सोंगांचा बोहाडा व विवळवेढे येथील महालक्ष्मीची चैत्री यात्रा हे लोकजीवनाचे विशेष होत.

वसईचा किल्ला, सोपाऱ्याचा स्तूप, विरारची जीवदानी, केळवे, बोर्डी व डहाणू येथील समुद्रकिनारे, जव्हारचा जयविलास राजवाडा आणि दाभोसा धबधबा ही प्रेक्षणीय स्थळे आहेत.