जुन्या गाडीची सीट : ऐकीव काय, खरं काय

जुनी गाडी हाती आली की आधी इंजिन उघडलं जातं, मग पत्रा, मग रंग. सीटची पाळी येईपर्यंत पैसा आणि धीर दोन्ही संपत आलेले असतात. ‘चांगलं चामडं लावून टाका’ एवढं सांगून गाडी कुशनवाल्याच्या हवाली होते. माझ्या मते जुन्या गाडीचं खरं नुकसान याच टप्प्यावर होतं. पत्रा पुन्हा ठोकता येतो, रंग पुन्हा मारता येतो. फाडून कचऱ्यात टाकलेलं मूळ कापड परत येत नाही, आणि त्या गाडीत नेमकं काय होतं याचा पुरावाही त्याच्याबरोबर जातो.

‘उंची गाडी म्हणजे आत सगळं चामडं’

हा गैरसमज सर्वांत घट्ट बसलेला आहे. 1920-30च्या दशकांतली मोठी लिमोझिन बघा. ड्रायव्हरची जागा बऱ्याचदा उघडी किंवा अर्धी उघडी असे. ऊन-पाऊस झेलायचा म्हणून तिथे चामडं घालत. मालक मागे बंद भागात बसे आणि त्याच्यासाठी उत्तम लोकरी कापड असे : वेस्ट ऑफ इंग्लंड क्लॉथ, बेडफर्ड कॉर्ड किंवा मोहेर. घोड्यांच्या बग्ग्यांपासून चालत आलेली ही रीत. म्हणजे त्या काळी मान कापडाला होता आणि चामडं टिकाऊपणासाठी होतं. अशा गाडीचा मागचा भाग आज चकचकीत चामड्याने मढवला तर तो महाग होईल, पण अस्सल होणार नाही.

पुढच्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांतही चामडं सरसकट नव्हतं. ‘लेदर सीट’ असलेल्या अनेक मॉडेलांत अंग टेकतं तेवढ्याच भागाला चामडं असे. सीटच्या बाजू, पाठीमागचा भाग, दाराचे पॅड हे सगळं लेदरक्लॉथचं, म्हणजे चामड्यासारख्या दिसणाऱ्या कापडाचं.

‘रेक्झीन म्हणजे नक्कल’

मँचेस्टरजवळच्या हाइड गावी बनणाऱ्या लेदरक्लॉथचं ‘रेक्झीन’ हे व्यापारी नाव. सुती कापडावर नायट्रोसेल्युलोजचा थर देऊन ते बनवत आणि ते थेट कारखान्यातूनच गाड्यांत बसवलं जाई. आज आपल्या बाजारात रेक्झीन म्हणून मिळतं ते पीव्हीसी. पीव्हीसीलाही कमी लेखू नका. मर्सिडीझने ‘एमबी-टेक्स’ नावाचं व्हिनिल वर्षानुवर्षं आपल्या गाड्यांत वापरलं आणि टिकाऊपणात त्याने चामड्यालाही मागे टाकलं. ज्या गाडीत मुळात रेक्झीन होतं, तिच्यात रेक्झीनच अस्सल.

‘परदेशातून सेट मागवला की काम झालं’

फियाटवाल्यांनी इथे जरा थांबावं. डुक्कर फियाट, 1964 पासूनची डिलाइट आणि 1970च्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झालेली तिचीच पुढची आवृत्ती, या कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात तयार झालेल्या गाड्या. सुटे भाग हळूहळू इथेच बनू लागले, सीटचं सामानही इथल्या पुरवठादारांकडून येऊ लागलं. इटलीतून मागवलेला फियाट 1100चा सेट तुरिनच्या गाडीसाठी बरोबर असेल. कुर्ल्याच्या गाडीतल्या सीटचा दाणा (पृष्ठभागावरची नक्षी), रंग आणि शिलाई वेगळी असू शकते. मग बरोबर काय, ते कुठून कळणार? बहुतेक वेळा त्याच गाडीतून.

आपल्याकडे जुनी सीट पुरती न उसवता तिच्यावरच नवं कव्हर चढवायची सवय आहे. त्याचा इथे फायदा होतो. वरचं कव्हर हलक्या हाताने काढा, खाली आधीचं सापडतं, कधी त्याच्याही खाली मूळ. ते सगळं फाटलं असेल तर सीटच्या चौकटीखाली दुमडून चुकांनी ठोकलेली कडा पाहा. दाराच्या पॅडची मागची बाजू, पायपिंगच्या आतली पट्टी, मागच्या सीटखालची घडी, हेही बघा. या जागांवर ऊन पोचत नाही, म्हणून खरा रंग तिथेच सापडतो. सीटच्या दर्शनी भागावरून रंग ठरवणं चूक, कारण करडा वाटणारा भाग मुळात हिरवा असू शकतो.

दाण्याची नोंद घ्यायला पातळ कागद ठेवून त्यावर पेन्सिल आडवी घासा, ठसा उमटतो. पट्ट्यांची रुंदी आणि इंचाला किती टाके ते मोजा. टाक्यांच्या जागी नुसती दाबलेली रेघ दिसली तर ती उष्णतेने जोडलेली व्हिनिलची पट्टी आहे. 1960च्या दशकातल्या बऱ्याच अमेरिकन गाड्यांत हेच काम होतं, आणि ते शिवून केलं की लांबूनही चुकीचं दिसतं.

धागा ओळखायचा असेल तर दोन-चार तंतू चिमट्यात धरून जाळा. लोकरीला जळक्या केसांचा वास येतो आणि ती आपोआप विझते. सूत कागदासारखं जळतं, नायलॉन वितळून त्याची गाठ होते. हे घराबाहेर, गाडीपासून दूर करा. जुनं नायट्रोसेल्युलोजचं लेदरक्लॉथ भडकन पेट घेतं, त्यामुळे त्याच्यावर हा प्रयोग नकोच.

‘आतलं कुणाला दिसतं? फोम भरा’

आतलं दिसत नसलं तरी सीटवर बसल्यावर कळतं. स्प्रिंगा, त्यावर गोणपाट, घोड्याचे कुरळे केलेले केस, वर कापसाचा थर, अशी ती जुनी रचना. बीटल आणि कितीतरी मर्सिडीझमध्ये रबर लावलेल्या केसांच्या किंवा काथ्याच्या गाद्या होत्या. त्यातून हवा खेळते. सगळीकडे फोम कोंबला की सीट फुगते, कडा गोल होतात आणि मूळचा आकार हरवतो. रबर लावलेला काथ्या आपल्याकडे गाद्यांसाठी सर्रास मिळतो, त्यामुळे सामान मिळत नाही ही सबब इथे चालत नाही.

‘न वापरलेला जुना माल सर्वोत्तम’

चाळीस-पन्नास वर्षं गोदामात पडलेलं व्हिनिल कडक होतं, फोमचा भुगा होतो, सुती धागा कुजतो. असा माल नमुना म्हणून जरूर घ्या, पण गाडीत बसवण्याआधी ओढून, वाकवून बघा. नावालाही भुलू नका. रोल्स-रॉइस आणि जॅग्वारला चामडं पुरवणारी कॉनोली ब्रदर्स 1878 सालची, तिचा जुना कारखाना 2002 मध्ये बंद झाला. तेव्हा ‘कॉनोली’ म्हणून काही विकलं जात असेल तर ते कधीचं आणि कुठलं, हे आधी विचारा.

मूळ चामडं अजून धड असेल आणि फक्त शिलाई गेली असेल तर ते बदलूच नका. जुन्याच भोकांतून पुन्हा शिवून घ्या. मऊ करायला तेल ओतणं टाळा. त्या चामड्यावर रंगाचा थर असतो, तेल शिवणीत उतरतं, धूळ धरतं आणि पावसाळ्यात बुरशीला निमंत्रण देतं.

नवीन घ्यायचंच झालं तर आधी तळहाताएवढा नमुना मागवा. उन्हात, दुमडीतल्या मूळ तुकड्याशेजारी ठेवून बघा, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नाही. सगळा माल एकाच लॉटचा घ्या आणि गरजेपेक्षा एक मीटर जास्त. जुने तुकडे मात्र ‘डावी पुढची’, ‘उजवी मागची’ अशा चिठ्ठ्या लावून जपून ठेवा, नव्या कापडाचे कट त्यांच्यावरूनच घ्यायचे आहेत.