हल्ल्यांच्या नकाशाचे गणित

दहशतवादी हल्ले देशभर सारखे विखुरलेले नसतात. काही मोजक्या जागी ते पुन्हा पुन्हा होतात आणि शेजारचा मुलूख वर्षानुवर्षे शांत राहतो. पण नकाशावर ठिपक्यांचा दाट पुंजका दिसला म्हणजे त्यामागे सूत्र आहेच, असे नाही. जिथे वस्ती जास्त तिथे घटनाही जास्त, आणि निव्वळ योगायोगानेही ठिपके जवळजवळ पडतात. पुंजका खरा की योगायोगाचा, हे स्थलाधारित संख्याशास्त्र तपासते.

त्यातली एक कसोटी मूळची वैद्यकातली आहे. ब्रिटनमधील जॉर्ज नॉक्स यांनी १९६४ मध्ये लहान मुलांच्या रक्तकर्करोगाचा अभ्यास करताना ती मांडली. घटनांच्या जोड्या लावायच्या आणि अंतरानेही जवळ, काळानेही जवळ अशा किती भरतात ते मोजायचे. आता संगणकावर ठिकाणे तशीच ठेवून तारखा पत्त्यांसारख्या पिसतात आणि हीच मोजणी शेकडो वेळा करतात. खऱ्या नोंदींत अशा जोड्या ठळकपणे जास्त निघाल्या, तर एका घटनेनंतर तिच्या आसपास लवकरच दुसरी घडते, असे मानायला आधार मिळतो. घरफोड्यांत हे आढळले होते, तसेच इराकमधील रस्त्याकडेच्या स्फोटांतही.

स्पेनमधील ‘एटा’ या बास्क फुटीरतावादी संघटनेने आठशेहून अधिक माणसे मारली. मेरीलँड विद्यापीठातील गॅरी लाफ्री आणि सहकाऱ्यांनी तिच्या १९७० ते २००७ या काळातील हल्ल्यांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. बास्क मुलुखावर पकड बसवण्याऐवजी सरकारला दमवून नमवायचे, असा पवित्रा संघटनेने १९७८ मध्ये घेतला होता. तो नकाशावर उमटला. आधी हल्ले साथीसारखे लगतच्या भागांत पसरत. नंतर ते मधले प्रांत ओलांडून दूर होण्याचे प्रमाण वाढले. लांबच्या हल्ल्याला तयारी जास्त लागते, म्हणून दोन हल्ल्यांमधला काळही लांबे. अर्थात पंतप्रधान कारेरो ब्लांको यांची हत्या १९७३ मध्येच माद्रिदमध्ये झाली होती. ही पद्धत कल दाखवते, एकेका घटनेचे भाकीत करत नाही.

पुंजका हल्ल्यांची जागा दाखवतो, हल्लेखोरांचे घर नव्हे. हा फरक विसरला की ज्या वस्तीने माणसे गमावली, तिच्याकडेच संशयाने पाहिले जाते. निष्कर्ष नोंदींच्या दर्जावरही अवलंबून असतो. बातमीत फक्त शहराचे नाव असेल, तर ठिपका शहराच्या मध्यावर पडतो आणि तिथे खोटा पुंजका तयार होतो. काही नोंदी तर मुळातच गहाळ आहेत. मेरीलँड विद्यापीठाने सांभाळलेली जगभरच्या हल्ल्यांची यादी १९७० पासून सुरू होते, पण १९९३ च्या नोंदी कार्यालय हलवताना हरवल्या. नंतर जमवलेल्या नोंदी अपुऱ्या असल्याने ते वर्ष मुख्य यादीबाहेर ठेवले आहे. मुंबईत २५७ जणांचे प्राण घेणारे साखळी बॉम्बस्फोट त्याच वर्षीच्या १२ मार्चचे.