आठ बटणं आणि शेजारची खुर्ची

ऑर्गन म्हटलं की आपल्याला संगीत नाटकातली पायपेटी आठवते. माझा ऑर्गन मात्र संगणकात आहे. युरोपातल्या चर्चमधल्या नळ्यांचे एकेक सूर मुद्रित करून ‘ग्रँडऑर्ग’ नावाच्या फुकट प्रणालीत भरलेले! हातांखाली दोन कीबोर्ड, पायांखाली पट्ट्या. मग वाजवता वाजवता स्टॉपर बदलायचे कुणी? चार वर्षं सौ. शेजारी बसून, मी मान हलवली की माउस दाबायची. तिकडेही मोठ्या वादकांना असा मदतनीस लागतोच.

तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि मी कीबोर्डखालच्या फळीला आठ भोकं पाडली. प्रत्येक बटणाची एक तार ‘आर्डुइनो लिओनार्डो’च्या पिनेला, दुसरी ग्राउंडला. सुरुवातीला एक दाब दोन-तीनदा मोजला जाई, कारण दाबताना आतले संपर्क थरथरतात. (बँकेत एकच व्हाउचर दोनदा पोस्ट झाल्यावर होई, तशीच माझी त्रेधा!) पहिल्या दाबानंतरचे काही मिलिसेकंद सोडून द्यायला लावले, तेव्हा निभावलं. आता ‘सेट’ दाबून धरायचं, आकडा दाबायचा. स्टॉपरची जुळणी त्या बटणाच्या खात्यात जमा.

काल अख्खी रचना न अडखळता वाजवली. स्वयंपाकघरातून आवाज आला, “तिसरं बटण लवकर दाबलंत. मी तिथे थांबायचे.”