काठ खाणारी, काठ भरणारी

मांजरेच्या वळणावर

मांजरेकाठी ज्याचं शेत आहे, त्याला नदीचे उद्योग वेगळे सांगावे लागत नाहीत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला पाण्याचा जोर असतो. तिथे काठ खालून पोखरत जातो आणि एखाद्या पुरात उभी दरड पाण्यात बसते. आतल्या अंगाला पाणी संथ, म्हणून वाहून आणलेली वाळू नि गाळ तिथे टाकला जातो. एकाचा बांध जातो, समोरच्याची मळई वाढते. सातबाऱ्यावर त्याची नोंद व्हायच्या आत नदी पुढच्या कामाला लागलेली असते.

सगळं गणित वेगाचं. वेग मंदावला की आधी गोटे थांबतात, मग वाळू, शेवटी चिकण गाळ. धनेगावच्या धरणात किंवा नांदेडच्या विष्णुपुरीत पाणी जवळजवळ थांबतंच. खालच्या शेतांवर पसरू शकला असता तो गाळ तळाशी बसतो. मग उन्हाळ्यात तोच ट्रॅक्टरने उपसून रानात टाकायचा!

खडकाशी गाठ

किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून कोसळते. नुसतं पाणी बेसाल्टला फारसं काही करत नाही. छिन्नीचं काम करतात ते पाण्यातले दगडगोटे. खडकाच्या भेगांत शिरून पाणी तुकडे सुटे करतं, ते वेगळंच.

हा बेसाल्ट म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. १९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीला खोल छिद्र घेतलं, तेव्हा त्याची जाडी ३०० मीटरहून जास्त भरली. पूर्वेकडे मात्र हा थर पातळ होत जातो. देगलूर-बिलोलीकडे पाण्याने तो झिजवून नेला आणि खालचा कितीतरी जुना ग्रॅनाइट उघडा पडला. एकाच नांदेड जिल्ह्यात काळा दगड संपून तांबूस-करडा सुरू होतो, तो असा.

गाळातला पाणघोडा

नदी टाकते ते नुसतं पीक देत नाही, जपूनही ठेवते. लातूर जिल्ह्यातल्या रेणापूर तालुक्यात हरवाडीच्या परिसरात मांजरेच्या जुन्या गाळात हत्ती आणि पाणघोड्याची अश्मीभूत हाडं मिळाली आहेत. पाणघोडा दिवसभर पाण्यात राहणारा प्राणी. डोह आटला तर तो जगत नाही. म्हणजे त्या काळी इथे बारमाही डोह असणार. त्याच लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं.