लेसर शलाकेचे रूपण, प्रकाशीय तंतूंद्वारे

लेसर शलाकेचा छेद, त्या छेदातील तीव्रतेचे वितरण व शलाकेच्या पसरण्याचा कोन यांत काचतंतूच्या साहाय्याने इष्ट बदल घडवून आणणे, म्हणजे शलाकेचे रूपण होय. तंतू हा केवळ प्रकाश वाहून नेणारा मार्ग आहे, ही समजूत अपुरी आहे. तंतूतून बाहेर पडणाऱ्या शलाकेवर लेसरपेक्षा तंतूचाच ठसा अधिक असतो.

तंतूच्या गाभ्याचा प्रणमनांक भोवतालच्या आवरणापेक्षा किंचित जास्त असल्याने पूर्ण आंतरिक परावर्तनामुळे प्रकाश गाभ्यातच कोंडला जातो. तेथे तो काही ठराविक आकृतिबंधांतच वाहू शकतो. त्यांना रीती म्हणतात. १·०६ मायक्रॉन तरंगलांबीसाठी गाभ्याचा व्यास सु. ६ मायक्रॉन असल्यास सामान्यतः एकच रीत टिकते. मग आत शिरणारी शलाका कितीही ओबडधोबड असो, बाहेर येणारी मध्याशी तीव्र व कडांकडे मंद होत जाणारी, नितळ अशीच असते. न सामावणारा प्रकाश आवरणात निसटून वाया जातो. म्हणजे ही एक चाळणीच होय. याउलट २०० मायक्रॉनांच्या गाभ्यात हजारो रीती एकमेकींत मिसळून छेदभर जवळजवळ समान तीव्रता मिळते. गाभा चौकोनी असल्यास तंतूच्या मुखाशी प्रकाशाचा ठसा चौकोनी व कंकणाकृती असल्यास कंकणाकृती असतो. भिंगांनी त्या मुखाची प्रतिमा धातूवर पाडतात. पृष्ठ कठीण करण्यास समान तीव्रता सोयीची असते, कारण मध्यभागी धातू अकारण वितळत नाही. मात्र प्रकाश कलासंबद्ध असल्यास रीतींच्या व्यतिकरणाने छेदात बारीक ठिपके उमटतात. तंतू सतत कंपित ठेवून ते सरासरीने पुसट करतात.

या सोयीची किंमत मोजावी लागते. व्यास व पसरण्याचा कोन यांचा गुणाकार एकदा वाढला की, प्रकाश वाया न घालवता कोणतेही भिंग तो कमी करू शकत नाही. म्हणून गाभा शक्य तितका बारीक ठेवणे श्रेयस्कर. परंतु फार बारीक ठेवल्यास प्रखर शक्तीने तंतूचे प्रवेशमुखच जळते.

भारतात या तंत्राचा लक्षणीय उपयोग इंदूर येथील प्रगत तंत्रज्ञान केंद्राने (स्थापना १९८४) केला. दिलीप भवाळकर हे त्याचे पहिले संचालक होते. २००५ मध्ये केंद्रास राजा रामण्णा यांचे नाव देण्यात आले. तेथे बनविलेल्या निओडिमियम-यॅग लेसरचे स्पंद तंतूंतून नेऊन नरोरा व काक्रापार येथील अणुभट्ट्यांच्या शीतक नलिकांवरील घडीदार जोडांच्या कडा कापण्यात आल्या. लेसर दूर ठेवून केवळ तंतू व भिंगे प्रारणग्रस्त भागात नेता आल्याने कामगारांना पोहोचणारी प्रारणमात्रा घटली. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरने हे साधले नसते, कारण त्याची १०·६ मायक्रॉन तरंगलांबी सिलिका काचेत शोषली जाते.