थांबायचं, पण कुणाच्या भरवशावर?

चार वर्षांच्या मुलापुढे एक मार्शमेलो ठेवायचा आणि सांगायचं, 'मी परत येईपर्यंत हा खाल्ला नाहीस, तर दोन देईन.' अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीत वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाने १९६०च्या दशकाच्या अखेरीस सुरू केलेला हा प्रयोग आता आपल्याकडच्या पालकसभांतही हमखास ऐकू येतो. पुढचंही ठरलेलं असतं. जी मुलं थांबली ती अभ्यासात पुढे गेली, म्हणून मुलांना धीर धरायला शिकवा. टाळ्या होतात, चहा होतो, आणि घरी जाताना प्रत्येक जण आपल्या कार्ट्याकडे जरा संशयाने बघतो.

मिशेल यांचं स्वतःचं कुतूहल मात्र वेगळं होतं. थांबणारी मुलं नेमकं काय करून थांबतात, हे त्यांना बघायचं होतं. ती डोळ्यांवर हात घेत, पाठ फिरवून बसत, गाणी म्हणत. खाऊ झाकून ठेवला की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबत. म्हणजे दात-ओठ खाऊन मोहाशी झुंजणाऱ्यापेक्षा लक्ष दुसरीकडे वळवणारा जास्त टिकतो. हे आपल्या आज्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं. जेवणाला वेळ असला की भुकेल्या नातवाला त्या मटार सोलायला बसवत.

भविष्य वर्तवण्याचा भाग पुढे बराच ढिला पडला. २०१८ साली ९००हून अधिक मुलांच्या माहितीवर हे गणित पुन्हा मांडलं गेलं. थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध निघाला, पण आधी वाटला होता त्याच्या निम्माच. घरची परिस्थिती आणि मुलाची सुरुवातीची समज हिशेबात घेतल्यावर त्यातलाही बराचसा विरून गेला. मूळ प्रयोगातली पुष्कळशी मुलं विद्यापीठात शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांच्या घरातली होती, हेही इथे आठवावं.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो २०१३ साली प्रसिद्ध झालेला, रॉचेस्टर विद्यापीठातला छोटासा प्रयोग. मुलं फक्त २८, वयं तीन ते पाच. आधी त्यांना चित्र काढायला जुने, झिजलेले खडू दिले आणि सांगितलं, थांब, चांगले घेऊन येते. निम्म्या मुलांना ते खरोखर आणून दिले. उरलेल्यांना परत येऊन सांगितलं, 'अगं, संपलेत की!' स्टिकरच्या बाबतीतही तेच केलं. मग आला मार्शमेलो. शब्द पाळलेला अनुभवलेली मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली, फसवली गेलेली तीन मिनिटं. पूर्ण पंधरा मिनिटं थांबणारी पहिल्या गटात १४पैकी ९ निघाली, दुसऱ्यात १४पैकी एक. (त्या एकाचं पुढे काय झालं असेल, याची मला फार उत्सुकता आहे.)

तेव्हा जे मूल पटकन खाऊन मोकळं झालं, ते उतावळं होतं की शहाणं? समोरची व्यक्ती सांगते ते देत नाही, हे त्याला दोनदा कळलं होतं. माझ्या मते त्याने हिशेब बरोबर केला. 'उद्या घेऊ हं' म्हणून दुकानातून बाहेर काढलेलं पोर पुढच्या वेळी तिथेच फतकल मारतं, त्यामागेही हाच हिशेब असतो. रेशनच्या दुकानावरून 'माल आला नाही, उद्या या' ऐकून वारंवार परतलेली बाई माल आल्याचं कळताच हातातलं काम टाकून धावते. तिला कुणी घायकुती म्हणेल. पण थांबलं की मिळतं, असा अनुभव ज्यांच्या वाट्याला सहसा येत नाही, त्यांना धीराचं प्रवचन देणं मला अवघड वाटतं.

उलट बाजू बघायची तर आषाढीला पंढरपुरात जावं. पदस्पर्शाची दर्शनबारी गोपाळपूरच्या दिशेने लांबच लांब गेलेली असते. लोक तासन् तास उभे असतात, त्यांत वय झालेली माणसं असतात, पायांना फोड आलेली असतात. भक्ती तर आहेच. पण बारी सरकते, आणि आपला नंबर येणार याची खात्री असते, हेही त्यामागे आहे. भजनं चालू असतात, कुणीतरी कुणाची तरी जागा धरून ठेवतं, पाण्याच्या बाटल्या पुढे-मागे फिरतात. मध्येच ओळखीचा कुणी थेट आत गेल्याची कुणकुण लागू द्या, मग माउलींचे आवाज चढतात.

रांगांच्या मानसशास्त्रावर डेव्हिड मेस्टर यांनी १९८५ साली लिहिलं, त्यातलं निरीक्षण हेच आहे. किती वेळ लागेल ते माहीत नसलं, उशिराचं कारण कुणी सांगितलं नाही किंवा कुणी मधून घुसलं, की तेवढाच वेळ लांबल्यासारखा वाटतो. आपल्या कोपऱ्यावरच्या दवाखान्यातही हे दिसतं. कंपाउंडरने 'तुमच्या आधी सात पेशंट आहेत' एवढं सांगितलं, की माणूस खाली जाऊन चहा घेऊन येतो, भाजीसुद्धा आणतो. ते न सांगता नुसतं 'बसा' म्हटलं, की तोच माणूस दर दोन मिनिटांनी दाराकडे बघतो. आणि बॅग घेतलेला औषध कंपनीचा एमआर सरळ आत गेला, की आतापर्यंत एकमेकांकडे न बघणारे सगळे पेशंट एकदम बोलू लागतात.