पाटकरी आणि जागल्या : धुळ्यातील संगणक-जाळ्यांचे शिक्षण

मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे देशातील दोन जुने महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात आणि सोलापूरकडे जाणारा तिसरा रस्ताही येथूनच फुटतो. त्यामुळे आलेला माल उतरवून न घेता त्याला पुढच्या वाटेला लावणे हे या गावाचे फार दिवसांचे काम आहे. संगणकांच्या जाळ्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये, हेच काम राउटर नावाचे यंत्र करते. माहितीचा प्रत्येक तुकडा त्याच्यापाशी येतो, त्यावरील पत्ता वाचला जातो आणि तुकडा योग्य दिशेने सोडला जातो. बँकेच्या शाखेत, दवाखान्यात, ग्रामपंचायतीत किंवा तहसील कचेरीत हे यंत्र बसवणारा आणि ते बंद पडले की स्कूटरवरून धावत येणारा मनुष्य मात्र बहुधा मोठ्या शहरातील नामांकित संस्थेतून आलेला नसतो. तो आयटीआय किंवा पॉलिटेक्निकमध्ये घडतो, आणि या लेखाचा विषय तेच शिक्षण आहे.

अमेरिकेत या पातळीवरील शिक्षण कम्युनिटी कॉलेजांत मिळते. गावाजवळची, कमी खर्चाची, दोन वर्षांत कामाला लावणारी आणि हवे असल्यास पुढे विद्यापीठात पोहोचवणारी ही संस्था असून तिचा आरंभ 1901 मध्ये जोलिएट येथे झाला असे मानले जाते. भारतात पुदुच्चेरी येथे 1995 मध्ये तिचा प्रयोग झाला, तर 2013 च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने तिच्यासाठी स्वतंत्र योजना काढली. तरीही ‘सामुदायिक महाविद्यालय’ हा शब्द खानदेशात कोणाच्या तोंडी बसला नाही. त्याची फारशी गरजही नव्हती. दहावीनंतर आयटीआय, तेथून पदविकेला, पदविकेनंतर धुळे, शिरपूर किंवा जळगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, अशी शिडी येथे आधीपासून उभी होती. आयटीआयची मूळ कारागीर प्रशिक्षण योजना 1950 ची आहे. तीत पुढे ‘संगणक हार्डवेअर व नेटवर्क देखभाल’ हा एक वर्षाचा आणि ‘माहिती-संचार तंत्रप्रणाली देखभाल’ हा दोन वर्षांचा व्यवसाय आला, आणि तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत नेटवर्क हा स्वतंत्र विषय झाला.

या शिक्षणाचा आरंभ हाताने होतो. आठ तारांच्या, दोन-दोन पीळ दिलेल्या केबलचे आवरण सोलायचे, पीळ उकलून तारा ठरलेल्या क्रमाने लावायच्या (पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी), टोके एका रेषेत कापायची, प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये शेवटपर्यंत सारायची आणि चिमट्याने दाबायची, याला सर्वत्र क्रिम्पिंग म्हणतात. पीळ दिलेला असतो तो शेजारच्या तारांतील विजेचा गोंगाट एकमेकांत मिसळू नये म्हणून, आणि म्हणूनच तो गरजेपेक्षा अधिक उकलणे ही नवशिक्याची ठरलेली चूक असते. अशी केबल शंभर मीटरपलीकडे न्यायची झाली तर मध्ये स्विच लावावा लागतो. हे सारे गवंडीकामासारखे आहे, पुस्तकातून कळते पण बोटांना येत नाही. यंत्रांचा तुटवडा असलेल्या प्रयोगशाळांत पॅकेट ट्रेसर या आज्ञावलीत पडद्यावरच राउटर जोडून दाखवले जातात; तिचा उपयोग मोठा असला तरी पडद्यावरची केबल कधी सैल होत नाही आणि उंदीरही ती कुरतडत नाही, हे विसरता येत नाही.

हातानंतर पत्ता येतो. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला आयपी पत्ता असतो आणि त्याच्या प्रचलित चौथ्या आवृत्तीत तो बत्तीस द्विमान अंकांचा असल्याने जगभरासाठी एकूण पत्ते सुमारे 429 कोटीच निघतात. या पत्त्यांच्या एका पट्ट्याचे लहान पट्टे पाडणे, ज्याला सबनेटिंग म्हणतात, तेथे बहुतेक विद्यार्थी अडखळतात. 256 पत्त्यांच्या पट्ट्याचे चार भाग केले तर प्रत्येकी 64 पत्ते येतात, परंतु पहिला त्या भागाच्या नावासाठी आणि शेवटचा सर्वांना एकदम हाक देण्यासाठी राखीव असल्याने वापरायला 62 उरतात. खानदेशातील शिक्षकाला याचे उदाहरण शोधायला लांब जावे लागू नये. पांझरा नदीवर बंधारे बांधून कालव्याने पाणी वळवायचे, लाभक्षेत्राचे तीन-चार फड पाडायचे आणि एका फडात एकच पीक घ्यायचे, ही फड पद्धती याच जिल्ह्यात शतकानुशतके चालत आली आहे. कालव्यातून चारीत आणि चारीतून शेतात पाळीपाळीने पाणी पोहोचवणारा तो पाटकरी, उभ्या पिकाची राखण करणारा तो जागल्या, आणि जादा पाणी नदीत परत सोडणारा तो सांडवा. कोण कोणत्या फडात, पाणी कोणाला किती आणि आत कोणी शिरू नये, हे तीन प्रश्न नेटवर्कचेही आहेत. पाटकऱ्याचे काम स्विच आणि राउटर करतात, जागल्याचे काम फायरवॉल करते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्या माहितीची ठरवलेल्या नियमांनी झडती घेणारी चौकी. घरात अहिराणी, शाळेत मराठी आणि पाठ्यपुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषांतून वाट काढणाऱ्या विद्यार्थ्याला अशी उपमा कोणत्याही आकृतीपेक्षा लवकर कळण्याजोगी आहे.

आता राखणीविषयी. पुण्यात 1906 मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ऑगस्ट 2018 मध्ये झालेला हल्ला महाराष्ट्रातील प्रत्येक नेटवर्कच्या वर्गात सविस्तर शिकवला जावा, इतका तो बोलका आहे. एटीएममधून आलेली पैशांची मागणी बँकेच्या मुख्य प्रणालीकडे नेऊन तिचा होकार-नकार परत आणणारी जी यंत्रणा असते, तिच्या जागी हल्लेखोरांनी बनावट यंत्रणा उभी केली. मागणी मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचलीच नाही आणि होकार मात्र बाहेर जात राहिले. 11 ऑगस्टला काही तासांत 28 देशांतील यंत्रांतून सुमारे 78 कोटी रुपये काढले गेले, देशातूनही अडीच कोटी गेले, आणि 13 ऑगस्टला आंतरराष्ट्रीय हस्तांतरणाच्या मार्गाने जवळजवळ 14 कोटी हाँगकाँगला पाठवले गेले. येथे तिजोरी कोणी फोडली नव्हती. पाटकरीच बदलला गेला होता. सहकारी बँका आणि पतसंस्थांचे दाट जाळे असलेल्या जळगाव-धुळ्याला ही गोष्ट दूरची मानता येणार नाही.

अभ्यासक्रमाने या विषयाला जागा दिली आहे, पण ती कोठे दिली हे पाहण्यासारखे आहे. 2017 पासून लागू झालेल्या आणि पदविकेच्या अनेक तुकड्या जिच्यातून बाहेर पडल्या त्या ‘आय’ योजनेत नेटवर्कचा मूलभूत विषय चौथ्या सहामाहीत, तर नेटवर्क व माहिती सुरक्षेचा विषय सहाव्या, म्हणजे अखेरच्या सहामाहीत ठेवलेला होता. बंधारा आधी बांधायचा आणि जागल्या दोन हंगामांनी नेमायचा, असा हा क्रम झाला. सुरक्षेच्या तासाला विद्यार्थी सीझरची अक्षरे सरकवण्याची जुनी सांकेतिक लिपी, सार्वजनिक आणि खासगी किल्ल्यांची जोडी, अंकीय स्वाक्षरी, फायरवॉलचे प्रकार आणि 2000 च्या माहिती तंत्रज्ञान कायद्यातील कलमे शिकतो. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु राउटर हातात आला त्याच दिवशी त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलण्याची सवय लागली नाही, तर पुढे किल्ल्यांच्या जोडीचे गणित येऊनही दार उघडेच राहते.

दुसरी उणीव नोंदींची आहे. प्रत्येक राउटर, फायरवॉल आणि सर्व्हर कोण आले, कोण गेले, कोणाला अडवले याची क्षणाक्षणाची नोंद ठेवतो. तिला लॉग म्हणतात. हल्ला झाल्याचे बहुधा तीतूनच कळते, पण ती वाचणे कंटाळवाणे असते आणि परीक्षेत त्याला गुण थोडे. वायरशार्क ही फुकट मिळणारी आज्ञावली जाळ्यातून वाहणारे तुकडे उघडून दाखवते, तेव्हा साधनांअभावी हा सराव अडतो असेही म्हणता येत नाही. सायबर घटनांची राष्ट्रीय यंत्रणा असलेल्या सर्ट-इनने 28 एप्रिल 2022 रोजी काढलेल्या निर्देशांनुसार अशी घटना लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत कळवणे आणि नोंदी 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक आहे. धुळ्यातील एखाद्या पतसंस्थेत त्या सहा तासांत नोंदी उघडून बसणारा मनुष्य आयटीआयचा किंवा पॉलिटेक्निकचाच असेल. म्हणून त्या वाचण्याचा तास अखेरच्या सहामाहीत नव्हे, तर पहिली केबल क्रिम्प होते त्याच आठवड्यात लावावा.